शब्दचर्चा : ‘झॉम्बी’ला मराठीत काय म्हणायचं, आणि ‘कल्ट’चं काय करायचं?

ओसरी
जॉर्ज रोमेरोच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) या चित्रपटावरच्या प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया आणि त्यातले काही संवाद मराठीत आणायचे आहेत. गोष्ट अशी: मेलेली माणसं उठून जिवंतांना खाऊ लागतात आणि काही जण एका घरात अडकतात. एकीकडे ‘इथूनच सगळं सुरू झालं’ म्हणणारे, दुसरीकडे ‘रटाळ, जुनाट, झॉम्बी धड पळतही नाहीत’ म्हणणारे. अडलेले शब्द असे: झॉम्बी (लेखन, लिंग, अनेकवचन), कल्ट, विंटेज. शिवाय ‘संमिश्र प्रतिक्रिया’ हे घासून गुळगुळीत झालेलं जोडपं टाळता आलं तर बरं. झॉम्बीसाठी आतापर्यंत वेताळ, पिशाच्च आणि ‘जिवंत प्रेत’ असे तीन पर्याय पुढे आलेत.

टंकलेखनिक
आधी लेखन. ‘झोंबी’ लिहू नका, ती जागा आपल्याकडे भरलेली आहे. झोंबी स्त्रीलिंगी, अर्थ अंगाला अंग भिडवून केलेली झटापट. आनंद यादवांच्या ‘झोंबी’मुळे (१९८७) हा शब्द घरोघरी माहीत आहे. त्याच मुळातून झोंबाझोंबी, आणि झोंबणे: मिरची झोंबते, पहाटेचा वारा झोंबतो, एखाद्याचं बोलणं झोंबतं. त्यात हा झ ‘झाड’मधला, म्हणजे इंग्रजी शब्दाच्या पहिल्या ध्वनीच्या अगदी शेजारचा. कानाला फरक कळत नाही, म्हणून डोळ्याला तरी कळायला हवा. ‘घराबाहेर झोंबी सुरू होते’ हे वाक्य या चित्रपटाबद्दल दोन्ही अर्थांनी खरं ठरेल, आणि तीच अडचण आहे.

‘जॉम्बी’ हे हिंदीतून आलेलं रूप. हिंदीत ज खाली नुक्ता, म्हणजे टिंब, देऊन काम भागतं. मराठीत नुक्ता वापरत नाहीत, म्हणून परक्या शब्दातल्या या ध्वनीसाठी आपण बहुधा झ घेतो: झेरॉक्स, झूम, झिप. तेव्हा झॉम्बी.

आता एक बारीक गोष्ट, जी शोधताना नडते. ‘झॉंबी’ असं लिहिलं तर ॉ (युनिकोड ०९४९) आणि त्यावर अनुस्वार (०९०२) येतो. काही जण काना आणि चंद्रबिंदू (०९०१) वापरून ‘झाँबी’ टंकतात. कित्येक फॉन्टांत दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द. एकाच संकलनात दोन्ही आले की शोधपेटीला निम्म्या नोंदी सापडतच नाहीत. ‘काँग्रेस’ आणि ‘कॉंग्रेस’चं दुखणं हेच. जोडाक्षर करून ‘झॉम्बी’ लिहिलं की प्रश्न मिटतो.

अनुस्वार
मग ‘झोंबिवली’ (२०२२) चुकलं म्हणायचं?

टंकलेखनिक
तिथे डोंबिवलीतला ‘ओं’ जागेवर ठेवणं हीच गंमत होती. ‘झॉम्बिवली’ केलं असतं तर डोंबिवली ऐकूच आली नसती. श्लेषाला शुद्धलेखनाची सूट असते. सामान्यनाम लिहिताना ती सूट मागू नये.

रूपं ‘हत्ती’सारखी चालवा: एक झॉम्बी, दहा झॉम्बी, झॉम्बीला, झॉम्बींनी. ‘तेली’सारखी चालवली तर ‘झॉम्ब्याला’, ‘झॉम्ब्यांनी’ होतं, आणि ते वर्गातल्या मुलाचं टोपणनाव वाटतं. अनेकवचन ‘झॉम्बीज’ तर मुळीच नको. त्याला पुढे प्रत्यय लावायचा तर ‘झॉम्बीजना’ होतं, म्हणजे इंग्रजी अनेकवचनावर मराठी अनेकवचन.

काळंपांढरं
लेखन ठरलं, पण मूळ पेच वेगळा आहे. या चित्रपटात ‘झॉम्बी’ हा शब्द एकदाही उच्चारला जात नाही. रेडिओ-टीव्हीवरचे निवेदक त्यांना ‘गूल’ म्हणतात, घरात अडकलेली माणसं ‘त्या वस्तू’ अशा अर्थाचं काहीतरी बोलतात. गूल हा शब्द अरबीतून इंग्रजीत गेलेला, कबरस्तानात वावरून प्रेतं खाणारा जीव. झॉम्बी हे नाव प्रेक्षकांनी आणि समीक्षकांनी मागाहून चिकटवलं, आणि ते असं चिकटलं की रोमेरोचा याच मालिकेतला १९७८चा पुढचा चित्रपट इटलीत ‘झॉम्बी’ याच नावाने लागला.

त्याआधीचा झॉम्बी हैतीचा. तिथल्या समजुतीत बोकोर, म्हणजे करणी करणारा, माणसाला मेल्यासारखं करतो, मग उठवून शेतावर राबवतो. तो कुणाला खात नाही, त्याच्यापासून काही पसरत नाही. तो धन्याचा गुलाम, आणि त्याच्याइतकीच धन्याचीही भीती. १९१५ ते १९३४ हैती अमेरिकी फौजांच्या ताब्यात होतं, त्याच काळात हा शब्द अमेरिकेत लोकप्रिय झाला. अभिनेता बेला लुगोसीचा ‘व्हाइट झॉम्बी’ हा चित्रपट १९३२चा. रोमेरोच्या मेलेल्यांना धनीच नाही. शुक्राहून परतणाऱ्या यानातलं प्रारण (रेडिएशन) कारण असावं, एवढीच शक्यता चित्रपटात बोलली जाते, ठाम उत्तर नाही.

म्हणून ‘झॉम्बीचे नियम पाळलेले नाहीत’ ही तक्रार भाषांतरित करताना जपा. ते नियमच नंतरचे आहेत. स्मशानातला पहिला मृत बऱ्यापैकी वेगाने चालतो आणि दगड उचलून गाडीची काच फोडतो. कूपर नावाच्या जोडप्याची तळघरात मरून उठलेली लहान मुलगी कॅरन आईला मारते ती करणीने. गवंड्याची करणी बरं का, सिमेंट थापायची! ती जादूटोण्याची करणी हैतीतच राहिली. उपशीर्षकात नुसतं ‘करणीने मारलं’ लिहिलंत तर मराठी वाचक भलतीकडे जाईल. ‘गवंड्याच्या करणीने’ लिहा.

‘संसर्ग’, ‘विषाणू’, ‘लागण’ हे शब्दही इथे लावू नका. नायिका बार्बराचा भाऊ जॉनी चावल्याने मरत नाही, झटापटीत थडग्याच्या दगडावर डोकं आपटून मरतो, आणि शेवटी तोही परत येतो. नुकताच मेलेला कुणीही उठतो, चावा हे मरण्याचं एक निमित्त. लागण हा शब्द घातला की कथेचं यंत्रच बदलतं.

काणकोणकर
वेताळ नको. संस्कृत कथांतला वेताळ प्रेतात शिरतो हे खरं, विक्रमाच्या खांद्यावर होतं ते मढंच. पण तो आत शिरलेला आहे, बोलतो, कोडी घालतो, राजापेक्षा शहाणा आहे. मढं म्हणजे त्याचे कपडे. रोमेरोच्या प्रेतात कुणी शिरलेलंच नाही, ते रिकामंच उठलंय. आणि कोकणात, गोव्यात वेताळ हा ग्रामदेव. लोलये, आमोणे इथे बेताळाच्या मूर्ती आहेत, त्याला गाऱ्हाणं घालतात. त्याचं नाव मेंदू खाणाऱ्या पोरासोरांच्या सिनेमाला देऊ नये.

काळंपांढरं
मेंदू खाणं १९८५च्या एका विनोदी चित्रपटातून रूढ झालं. १९६८मध्ये ते मांस खातात. मेंदू फक्त निकामी करायचा असतो, गोळीने किंवा घावाने. बाकी मुद्दा मान्य.

अनुस्वार
पिशाच्च खरं तर जवळचा होता. पिशित म्हणजे मांस, ते खाणारा तो पिशाच, ही परंपरागत व्युत्पत्ती. म्हणजे गूलचा नेमका भाऊ. पण आजच्या मराठीत पिशाच्चाला शरीर नसतं. ते झपाटतं, त्याची बाधा होते, ते उतरवतात. फळ्या ठोकून त्याला दाराबाहेर ठेवता येत नाही. ‘अनडेड’चं शब्दशः मराठी करायला जाल तर ‘अमृत’ (न मेलेलं) येईल, तेव्हा तोही रस्ता बंद.

माझं मत: चित्रपटाबद्दल बोलताना झॉम्बी, चित्रपटातल्या संवादात ‘मढी’. प्रेत, शव, कलेवर, पार्थिव या सगळ्यांना थोडा तरी मान आहे. मढ्याला नाही. चित्रपटात मढी टिपत हिंडणारे शेरीफचे लोक ज्या सुरात बोलतात तो सूर ‘मढं’ या एकाच शब्दात येतो. आणि शेरीफला ‘नगरपाल’ करू नका. मुंबईचा नगरपाल हे मानाचं पद. पेनसिल्व्हेनियातल्या परगण्याचा शेरीफ बंदूकवाला, त्याला शेरीफच राहू द्या.

ओसरी
हे सगळं पटलं. ‘कल्ट’ आणि ‘विंटेज’?

अनुस्वार
विंटेज मुळात द्राक्षाच्या हंगामाचा शब्द. ‘अभिजात’ म्हणालात तर निकाल देऊन मोकळे झालात, ‘जुनाट’ म्हणालात तरी तेच. कौतुकाच्या प्रतिक्रियेत ‘मुरलेला’ चालेल, लोणच्यासारखा. तटस्थ वाक्यात सरळ ‘जुना’. ‘कल्ट’ला ‘पंथीय’ करणारे भेटतात. तो शब्द वारकरी-महानुभावांच्या चर्चेत शोभतो. इथे कल्टच ठेवा, पण वापर तपासून. नुसता गाजलेला तो कल्ट नव्हे. आधी नाकारला गेलेला किंवा दुर्लक्षिला गेलेला, मग थोड्या लोकांनी पुन्हा पुन्हा पाहून जिवंत ठेवलेला तो कल्ट. हा चित्रपट तिथे बसतो. समीक्षकांनी आधी झोडपलं, मग मध्यरात्रीच्या खेळांना गर्दी होत गेली, १९७०मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने दाखवला, १९९९मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत गेला. आता त्याला कल्ट म्हणणं म्हणजे लग्न झालेल्याला अजून नवरदेव म्हणण्यासारखं, पण ते असो.

‘संमिश्र’ म्हणजे एकाच माणसाला थोडं आवडलं, थोडं नाही. इथे दोन तट आहेत. ‘दोन तट पडले’ लिहा.

तट कशावरून हे मात्र नेमकं सांगा, नाहीतर भाषांतर पोकळ होईल. आपल्या जुन्या रसविचाराने ते चटकन उकलतं. भयानक रसाचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी असलेली भावना, भय; बीभत्साचा जुगुप्सा, म्हणजे किळस. १९६८चा विरोध बीभत्साला होता. १ ऑक्टोबरला पिट्सबर्गला चित्रपट लागला, आणि अमेरिकेतली वयोगटाची वर्गवारी आली नोव्हेंबरात. दुपारच्या खेळांना शाळकरी पोरं बसली होती. शिकागोचे चित्रपट समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी जानेवारी १९६९मध्ये लिहिलं ते मुख्यतः त्या रडवेल्या पोरांबद्दल. आजची तक्रार उलटी: भय कुठे आहे? ‘भीती वाटत नाही’ आणि ‘बघवत नाही’ या दोन वेगळ्या प्रतिक्रिया ‘भयपट म्हणून फसला’ या एका वाक्यात कोंबू नका.

काळंपांढरं
आजच्या ‘चित्र अंधारं, आवाज खरखरीत, म्हणून कंटाळा’ या प्रतिक्रियेखाली एक टीप हवी. याच्या प्रती फार आणि बहुतेक भिकार, त्याला कारण आहे. आधीचं नाव ‘नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स’. वितरकाने नाव बदललं, नवी नामपाटी बनवली, आणि जुन्या पाटीवर असलेली स्वामित्वहक्काची ओळ नव्या पाटीवर घालायची राहिली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात ती ओळ नसली की हक्क गेला. म्हणून ‘स्वामित्वहक्क संपला’ असं लिहू नका, मुदत भरून संपलेला नाही, पहिल्याच दिवशी निसटला. ‘हक्कमुक्त’ बरोबर. मग ज्याच्या हाती जी प्रत लागली त्याने तिची प्रत काढली, तिच्यावरून आणखी एक. दर पिढीला करडे रंग मरतात, उरतं पांढरंफटक आणि काळंकुट्ट.

प्रत ओळखायची ती अशी. लांबी ९६ मिनिटं हवी. चौकट जवळपास चौकोनी, १.३७ला १, रुंद पडदाभर दिसत असेल तर वरून-खालून कापलेलं आहे. रंगीत असेल तर ते १९८६चं किंवा त्यानंतरचं रंगकाम. नव्याने चित्रित केलेली दृश्यं आणि बदललेलं संगीत असेल तर ती तिसाव्या वर्षाची आवृत्ती, तिच्यावरचं मत मूळ चित्रपटाच्या खात्यात टाकू नये. मूळ निगेटिव्हवरून २०१६मध्ये केलेलं जीर्णोद्धारित रूप पाहिलं की तळघराच्या भिंतीचा पोतही दिसतो. रक्त म्हणून वापरलेलं चॉकलेट सिरप मात्र तिथेही रक्तच वाटतं, कृष्णधवलात फक्त गडदपणा लागतो.

ओसरी
‘जीर्णोद्धारित’ देवळासाठी ठेवू या का? ‘दुरुस्त प्रत’ म्हटलं तर?

काळंपांढरं
दुरुस्त प्रत उत्तम.

ओसरी
तळघरावरून सर्वांत जास्त भांडणं आहेत. घरात अडकलेल्यांपैकी कूपर म्हणतो खाली चला, नायक बेन म्हणतो वर फळ्या ठोका. काहींच्या मते ‘कूपरचं बरोबर निघालं’.

काळंपांढरं
‘निघालं’ अचूक आहे, तोच शब्द ठेवा. ‘कूपर बरोबर होता’ लिहिलं तर त्याचा स्वभावही पदरात घेतल्यासारखं होतं. बेन शेवटी तळघरातच वाचतो, पण कूपरची स्वतःची मुलगी तिथेच उठते. दोन्ही तटांना पुरेल एवढा पुरावा आहे.

अनुस्वार
लिंगाचं राहिलं. मढं म्हटल्यावर नपुंसकलिंग येतं, आणि इथे मराठीला इंग्रजीपेक्षा जास्त बोलावं लागतं. जिवंत कॅरन ‘ती’. उठल्यावर? आईच्या तोंडी तरीही ‘ती’ हवं, तिला ते दिसत असूनही पटत नाही. बार्बराला ओढणारा जॉनी तिच्यासाठी ‘तो’च, म्हणून तर ती एक क्षण थबकते. बेनच्या तोंडी सगळी ‘ती’, अनेकवचनी नपुंसकलिंगी: ती आली, ती खिडकीशी आहेत.

ओसरी
आणि शेवट? खिडकीतल्या बेनला शेरीफचे लोक मढं समजतात. इंग्रजी संवादात शेरीफ पुल्लिंगच वापरतो. तिथे ‘ते’ लिहिलं तर मुळाला सोडलं, ‘तो’ लिहिलं तर माणूस आहे हे त्यांना कळल्यासारखं होतं.

टंकलेखनिक
‘त्याला’ लिहा. ‘तो’चंही त्याला, ‘ते’चंही त्याला. ‘त्याच्या डोक्यात घाल, दोन डोळ्यांच्या मधोमध’ यात काहीच उघड होत नाही.

अनुस्वार
वा. पण पुढच्या ओळीला अडेल. ‘मेला’ की ‘मेलं’?

टंकलेखनिक
क्रियापद टाळा. ‘झालं काम. उचला त्याला, आणखी एक जाळायला.’