मदत हवी आहे : डिस्नेच्या राइड सकाळच्या घ्याव्यात की संध्याकाळच्या?

नमस्कार मंडळी. आम्ही फोंड्याचे. मे महिन्यात भावाकडे फ्लोरिडाला जातोय, सोबत आई आणि सात वर्षांची लेक. आपल्या जत्रेत पाळण्यापाशी जाऊन रांग लावली की झालं. डिस्नेच्या मॅजिक किंगडम पार्कमध्ये मात्र लायटनिंग लेन मल्टी पासचे (म्हणजे छोट्या रांगेतून जाण्याच्या पासचे) पैसे भरून तीन राइडच्या वेळा आधीच धरता येतात. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना 7 दिवस आधी, बाकीच्यांना 3 दिवस आधी. बुकिंग तिथल्या सकाळी 7 ला उघडतं, म्हणजे आपले दुपारचे साडेचार. आम्ही भावाकडेच राहणार, मग चांगल्या वेळा उरतात का? आईचे गुडघे दुखतात, तासभर उभं राहणं तिला जमणारच नाही. एक राइड झाली की पुढची धरता येते, म्हणून मला सकाळच बरी वाटते. जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा.