लेस्टर महापालिका २०२३: वॉर्डाच्या निकालातून पक्षाची मतटक्केवारी कशी काढायची?

तक्तेवाला

इंग्लंडमधल्या लेस्टर सिटी कौन्सिलच्या ४ मे २०२३ च्या निकालाचा वॉर्डनिहाय तक्ता करतोय. जागांचा हिशेब जुळला: ५४ पैकी लेबर ३१, कॉन्झर्व्हेटिव्ह १७, लिबरल डेमोक्रॅट ३, ग्रीन ३. त्याआधी २०१९ ला लेबर ५३ आणि लिबरल डेमोक्रॅट १. अडलंय ते मतांपाशी. वॉर्डातल्या सगळ्या उमेदवारांची मतं मिळवली तर बेरीज मतदान केलेल्या माणसांच्या दुप्पट-अडीचपट येते. पुण्याच्या प्रभागासारखं अ, ब, क असं वेगळं करून पाहावं, तर निकालपत्रकात तसं काही नाही. मग पक्षाची टक्केवारी काढताना भागायचं कशाने? आणि मतदानाची टक्केवारी काढताना मतदारसंख्येत भारतीय पासपोर्टवाले धरलेले असतात का?

फुलीमोजणी

पुण्याचा प्रभाग आधी डोक्यातून काढा, घोळ तिथेच आहे. आपल्याकडे बहुसदस्य प्रभागात प्रत्येक जागेची लढत वेगळी असते. अ जागेचे उमेदवार वेगळे, ब चे वेगळे, आणि प्रत्येक जागेसाठी एक मत. लेस्टरमध्ये २१ वॉर्ड आहेत, काही तीन सदस्यांचे, काही दोन. तीन सदस्यांच्या वॉर्डात सगळ्या उमेदवारांची एकच यादी, एकच मतपत्रिका, आणि मतदाराला जास्तीत जास्त तीन फुल्या, एक फुली म्हणजे एक मत. पहिले तीन निवडून येतात. कुणी एकच फुली मारली तरी मतपत्रिका वैध. म्हणून बेरीज माणसांशी जुळत नाही आणि माणसांच्या तिप्पटही भरत नाही.

एक काल्पनिक वॉर्ड घ्या. तीन जागा, ४,००० वैध मतपत्रिका.
क पक्ष: २,०००, १,८५०, १,७००
ख पक्ष: १,५००, १,४००, १,३५०
ग पक्ष, एकच उमेदवार: १,०००

एकूण मतं १०,८००. फुल्या १२,००० पडू शकल्या असत्या, म्हणजे १,२०० वापरल्याच गेल्या नाहीत. आता सगळ्या मतांच्या बेरजेने भागलंत तर क ५१.४, ख ३९.४, ग ९.३ टक्के. यात ग पक्षावर अन्याय होतो. चारात एका मतदाराने त्याला मत दिलंय, पण उमेदवार एकच असल्यामुळे तो नऊ टक्क्यांवर आलेला दिसतो. प्रत्येक पक्षाच्या फक्त सर्वाधिक मतांच्या उमेदवाराला घेतलंत तर २,००० + १,५०० + १,००० = ४,५००, आणि टक्केवारी ४४.४, ३३.३, २२.२. पक्षाच्या उमेदवारांची सरासरी घेतलीत तर ४३.४, ३३.२, २३.४.

माझं स्पष्ट मत: दोन निवडणुकांची तुलना करायची असेल तर सर्वाधिक मतांचा उमेदवार हीच पद्धत घ्या. पक्षाने तीन उभे केले की एक, याचा तिच्यावर सगळ्यात कमी परिणाम होतो. मात्र तक्त्याच्या डोक्यावर पद्धत लिहा आणि मधेच बदलू नका. २०१९ एका पद्धतीने आणि २०२३ दुसरीने मोजलं की पाच-सहा टक्क्यांची ‘लाट’ कागदावरच तयार होते.

मताधिक्याचंही तसंच. वरच्या वॉर्डात क आणि ख मधलं अंतर ५०० लिहाल तर चूक. शेवटचा विजयी १,७००, पहिला पराभूत १,५००. जागा २०० मतांवर टिकली आहे.

गठ्ठेवाला

वरच्या उत्तराला मोजणीच्या टेबलावरची जोड देतो. बहुसदस्य वॉर्डात आधी ‘पॅनेल टू पॅनेल’ मतपत्रिका वेगळ्या काढतात, म्हणजे तिन्ही फुल्या एकाच पक्षाला. त्यांचे गठ्ठे भराभर मोजून होतात. उरतात त्या मिश्र मतपत्रिका. त्या एकेक करून लांब तक्त्यावर उतरवाव्या लागतात आणि चुका होतात त्या इथेच. लेस्टरच्या २०२३ च्या आकड्यांत हे लक्षात ठेवायला हवं, कारण लेबरने त्या वेळी बऱ्याच विद्यमान नगरसेवकांना पुन्हा उमेदवारी दिली नव्हती आणि त्यांतले काही दुसऱ्या पक्षांकडून उभे राहिले. अशा वॉर्डात माणसाला पडलेलं मत पक्षाचं म्हणून मोजलं जातं. एका पक्षाच्या तीन उमेदवारांत मोठी तफावत दिसली तर तो वॉर्ड तक्त्यात वेगळ्या रंगाने दाखवा.

तफावतीचं आणखी एक साधं कारण असतं. मतपत्रिकेवर नावं आडनावाच्या वर्णानुक्रमे असतात, आणि पक्षाचे उमेदवार एकत्र दिलेले नसतात. खाली असलेल्या नावाला थोडी कमी मतं पडणं नेहमीचंच आहे. शे-पन्नास मतांच्या फरकावरून ‘नाराजी’चा निष्कर्ष काढू नका.

बाद मतपत्रिकांची कारणंही बघा: अधिकृत खूण नसणं, हक्कापेक्षा जास्त फुल्या, मतदाराची ओळख पटेल असं काही लिहिणं, कोरी किंवा संदिग्ध मतपत्रिका. बहुसदस्य वॉर्डात ‘अंशतः बाद’ असाही प्रकार आहे. दोन फुल्या स्पष्ट आणि तिसरी संदिग्ध असेल तर दोन मोजतात, एक सोडतात. ही मतपत्रिका पूर्ण बाद धरलीत की तुमची बेरीज हुकते.

समसमान मतं पडली तर ईश्वरचिठ्ठी. निर्णय अधिकारी चिठ्ठी काढतो आणि जिचं नाव निघेल त्या उमेदवाराला एक जादा मत पडलं असं मानलं जातं. २०१७ मध्ये नॉर्थम्बरलंड काउंटीत साउथ ब्लिथची जागा अशीच ठरली, आणि कॉन्झर्व्हेटिव्ह ६७ पैकी ३३ वर, बहुमताला एक कमी पडून थांबले.

यादीवाचक

मतदारसंख्येबद्दल. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे कायदेशीर वास्तव्य असलेला भारतीय नागरिक, विद्यार्थी व्हिसावरचासुद्धा, नाव नोंदवून मतदान करू शकतो. तेव्हा हो, नाव नोंदवलेले पासपोर्टवाले त्या आकड्यात आहेत. मतदानाच्या १२ कामकाजी दिवस आधीपर्यंत नोंदणी करता येते. २०२३ पासून मतदान केंद्रावर फोटो ओळखपत्र लागतं. भारतीय पासपोर्ट चालतो, आधार चालत नाही.

विद्यापीठांच्या वॉर्डात टक्केवारी कमी दिसते त्यामागे एक तांत्रिक कारणही असतं. विद्यार्थ्याला घरच्या आणि शिक्षणाच्या अशा दोन्ही पत्त्यांवर नोंद करता येते, आणि दोन्ही पत्ते वेगवेगळ्या कौन्सिलांत असतील तर स्थानिक निवडणुकीत दोन्हीकडे मतही देता येतं. अनेकजण एकीकडेच देतात. भागाकारात मात्र नाव दोन्हीकडे राहतं.

मतदानाची टक्केवारी काढताना वर उमेदवारांची मतं घेऊ नका, मतपत्रिकांची संख्या घ्या. बाद धरून की वगळून, तेही लिहा. टपाली मतांतली सही किंवा जन्मतारीख न जुळलेली पाकिटं मोजणीपूर्वीच बाजूला पडतात. ती या आकड्यात येत नाहीत, आणि निकालपत्रकातल्या बाद मतांतही येत नाहीत.

तक्तेवाला

सर्वाधिक मतांचा उमेदवार धरून तक्ता पुन्हा केला, आता आकडे समजण्यासारखे दिसतायत. हीच पद्धत बर्मिंगहॅम, मँचेस्टर, लिव्हरपूलला लावली तर चालेल का? आणि शहरभराची बेरीज पडताळायला काही सोय?

फुलीमोजणी

पडताळणीसाठी लेस्टरमध्ये चांगली सोय आहे. तिथे महापौर थेट निवडला जातो आणि त्याच दिवशी त्याची वेगळी मतपत्रिका होती. एका माणसाला एकच मत, त्यामुळे शहरभरची बेरीज सरळ. तुमच्या सगळ्या वॉर्डांतल्या मतपत्रिकांची बेरीज त्याच्या आसपास यायला हवी. पक्षाची टक्केवारी मात्र त्यावरून ठरवू नका, कारण तिथे उमेदवाराचं वजन मोठं असतं. २०१९ ला महापौरासाठी पहिली आणि दुसरी पसंती होती, २०२३ ला एकच फुली. तुलना २०१९ च्या पहिल्या पसंतीशीच करा.

बर्मिंगहॅम सोपं आहे. ६९ वॉर्ड, ३७ एकसदस्य आणि ३२ द्विसदस्य, १०१ जागा. २०१८ ला लेबर ६७, कॉन्झर्व्हेटिव्ह २५, लिबरल डेमोक्रॅट ८, ग्रीन १. २०२२ ला ६५, २२, १२, २. दोन्ही वेळी सगळ्या जागा एकदम, त्यामुळे तुलना सरळ. फक्त द्विसदस्य वॉर्डांची मतं एकसदस्य वॉर्डांच्या मतांत तशीच मिसळू नका, नाहीतर त्या वॉर्डांना दुप्पट वजन मिळेल.

मँचेस्टरला जपून. ३२ वॉर्ड, प्रत्येकी तीन, एकूण ९६ जागा, पण चार वर्षांतल्या तीन वर्षी एकेक तृतीयांश जागांची निवडणूक होते. त्या दिवशीच्या निकालावरून कौन्सिल कळत नाही, उरलेले दोन तृतीयांश मिळवावे लागतात. बदल मोजायचा तो गेल्या वर्षाशी नाही, तीच जागा आधी लढवली गेली तेव्हाशी. २०१८ ला वॉर्डांच्या हद्दी बदलल्यामुळे सगळ्या ९६ जागा एकदम झाल्या. लेबर ९४, लिबरल डेमोक्रॅट २. तेव्हा प्रत्येक वॉर्डात पहिल्या क्रमांकाला सगळ्यात लांब मुदत मिळाली आणि तिसऱ्याला सगळ्यात छोटी.

लिव्हरपूलचा ‘बदल’ रकाना रिकामाच ठेवा. २०२३ पूर्वी ३० वॉर्ड, ९० जागा, तृतीयांश पद्धत. २०२३ ला ६४ नवे वॉर्ड, ८५ जागा, सगळ्या एकदम. लेबर ६१, लिबरल डेमोक्रॅट १५, ग्रीन, लिबरल (लिबरल डेमोक्रॅटपेक्षा वेगळा पक्ष) आणि कम्युनिटी इंडिपेंडंट्स प्रत्येकी ३. जुन्या वॉर्डाचं नाव नव्या वॉर्डाला असलं तरी हद्द तीच समजू नका.