जर्मनचा वर्ग ४० टक्के ऑनलाइन: घरी काय द्यायचं, वर्गात काय ठेवायचं?

शब्दवेडी:
विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२१मध्ये ब्लेंडेड शिक्षणाचा मसुदा काढला. अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवता येईल, असं त्यात होतं. मी पदवीच्या मुलांना जर्मन शिकवते आणि आता आमच्याकडेही हे करायचं ठरलंय. सहकारी म्हणतात, व्याकरण वर्गात घेऊ, ऐकणं-बोलणं व्हिडिओवर सोडू, कारण मार्क व्याकरणाला. मला हे अजिबात पटत नाही. व्याकरण घरी पाठवा, वर्गात मुलांना बोलू द्या.

आणि व्याकरणाचे व्हिडिओ मराठीतून करा. इंग्रजी व्हिडिओत तीन लिंगं समजावण्यातच वेळ जातो. आपल्या मुलांच्या तोंडी तो, ती, ते लहानपणापासून आहेत. सूर्य तिकडे स्त्रीलिंगी आणि मुलगी नपुंसकलिंगी, एवढं सांगितलं की पुढे जाता येतं. 'वाइल' म्हणजे 'कारण'. 'वाइल इश् क्रांक बिन'चं शब्दाला शब्द मराठी करा: 'कारण मी आजारी आहे'. क्रियापद दोन्हीकडे शेवटी!

भाषांतरवाला:
साफ असहमत. साध्या वाक्यात जर्मन क्रियापद दुसऱ्या जागी बसतं. 'आज मी पुण्याला जातो'चं जर्मन करताना मराठी मुलगा 'जातो' शेवटी टाकतो, म्हणजे तीच मराठी आडवी येते. शिवाय पुण्यातल्या वर्गात हिंदी, मल्याळी मुलं असतात, त्यांनी काय करायचं?

शब्दवेडी:
दुसरा मुद्दा मान्य. त्यांच्यासाठी तोच पाठ इंग्रजीतूनही हवा. पहिला नाही. चूक कुठून येते ते मराठीतूनच नीट दाखवता येतं.

तालुक्याचा विद्यार्थी:
मॅडम, व्हिडिओ लांब नकोत. मी रोज एसटीने दीड तास येतो, मध्ये घाटात रेंज जाते. लहान ऑडिओ आणि एक पानाची पीडीएफ दिलीत तर ते आदल्या रात्री उतरवून घेता येईल.

जुना मास्तर:
वर्गात बोलणं घ्यायचं हे ठीक, पण साठ मुलांत प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटभरही येत नाही. आणि व्हिडिओ करायला लागणारे तास कामाच्या तासांत कोण मोजणार? ते ठरल्याशिवाय मी एकही पाठ रेकॉर्ड करणार नाही.

शब्दवेडी:
सर, तासांबद्दल तुमच्या बाजूने मीही बैठकीत बोलणार आहे. साठ मुलांच्या मी जोड्या लावते, एकाच वेळी तीस संवाद चालतात. गोंगाट होतो, होऊ दे. मी बाकांमधून फिरते. परवा एक मुलगी 'फ्युन्फ', म्हणजे पाच, याचा सरळ 'फुन्फ' करत होती. तिला म्हटलं, ओठ 'ऊ'चे ठेव आणि आतून 'ई' म्हण. तिसऱ्या वेळी जमलं. तिचे ओठ मला समोर दिसत होते म्हणून चूक सापडली. मोबाईलवर तिला कोणी थांबवलं असतं?

भाषांतरवाला:
उच्चारांचं पटलं. मराठी व्हिडिओंचं अजून नाही. पहिला पाठ झाला की इथे टाका, चुका काढतो.