नेक्सॉन ईव्हीची मागची काच फुटली, पुण्यात कुठे आणि कशी बसवून घेऊ? गणपतीला गावी जायचंय

सिंहगडरोडवाला
नमस्कार मंडळी, गाडी २०२२ ची नेक्सॉन ईव्ही, म्हणजे टाटाची इलेक्ट्रिक, मागे वायपर आणि डिफॉगर (काचेवरची वाफ घालवणाऱ्या गरम रेषा) दोन्ही आहेत. काल सकाळी सोसायटीत माळीकाका ते दोरीवालं गवत कापायचं मशीन चालवत होते आणि माझी गाडी नेमकी कंपाउंडच्या कडेला. टक्क असा आवाज आला, मी गॅलरीत चहा पीत होतो, वर बघितलं तर काच जागच्या जागी, म्हटलं पत्र्याला लागला असेल खडा. खाली जाऊन बघतो तर अख्ख्या काचेवर जाळं आणि डिकी उघडायला हात लावला मात्र, सगळी काच साबुदाण्यासारखी बदाबदा आत. श्रावण आहे म्हणून एवढा साबुदाणा नको होता.

आता प्रश्न. एक काचवाला म्हणाला इलेक्ट्रिक गाडीला आम्ही हात लावत नाही, करंट बसला तर कोण बघणार. दुसरा म्हणाला ईव्हीची काच वेगळी येते, अठरा हजार पडतील. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने बसवून अकरा हजार सांगितले, काच मागवावी लागेल म्हणाले. ईव्हीला खरंच काही वेगळं करावं लागतं का? बाहेर बसवली तर चालेल का? क्लेम टाकू का खिशातून भरू? एनसीबी (क्लेम न टाकल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) सध्या ३५ टक्के आहे. बारा दिवसांनी कुंभार्ली घाटातून गुहागरला निघायचंय आणि पाऊस काही थांबायचं नाव घेत नाहीये.

ढकलस्टार्ट
वाईट झालं राव. पहिलं काम, आज रात्रीच मागचं भोक झाका. जाड प्लास्टिक घ्या, शेतातल्या मल्चिंगचं पातळ नको, ताडपत्रीच्या दुकानात मीटरवर मिळतं ते पारदर्शक. ब्राउन टेप थेट रंगावर लावू नका, दोन दिवस ऊन लागलं की तिचा डिंक रंगावर बसतो आणि मग रॉकेलने पुसत बसा. आधी रंगकामाची मास्किंग टेप आणि तिच्यावर ब्राउन टेप. वरची कड छताच्या बाजूने घ्या म्हणजे पाणी वरून ओघळून जाईल, आत शिरणार नाही.

आणि तसंच हायवेला जाऊ नका. मागून हवा आत ओढली जाते, पुढच्या ट्रकचा सगळा धूर तुमच्या डोक्यावर. आपली गाडी धूर सोडत नाही म्हणून काय झालं.

स्पॅनरमामा
चौदा वर्षं बॉडीशॉपमध्ये काढलीत म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

पुढची काच लॅमिनेटेड असते, दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा, म्हणून ती तडकते पण पडत नाही आणि छोटा टवका असेल तर रेझिन भरून वाचवता येते. मागची टफन्ड असते, ती एका जागी फुटली की सगळीच फुटते, तिला रिपेअर नावाची गोष्टच नाही, नवीनच बसवायची.

ईव्हीचं म्हणाल तर मागच्या काचेचा आणि हाय व्होल्टेजचा काडीचा संबंध नाही. मोठी बॅटरी फ्लोअरखाली, तिच्या वायरी भगव्या रंगाच्या, त्या डिकीच्या झाकणात येतच नाहीत. काचेकडे येतो तो डिफॉगरचा आणि वायपरचा साधा १२ व्होल्ट, जसा पेट्रोल गाडीत येतो तसाच. तो घाबरलेला काचवाला बिचारा अडाणी असेल, पण अठरा हजारवाला अडाणी नाही, तो हुशार आहे. नेक्सॉनची बॉडी पेट्रोल, डिझेल, ईव्ही एकाच साच्यातली. दुकानात जाताना चासिस नंबरवरून पार्ट नंबर काढून घेऊन जा आणि तेवढंच बोला. डिफॉगरवाली, वायपरवाली काच, मॉडेलचं वर्ष २०२२, बस. २०२३ ला फेसलिफ्ट आली तिचा मागचा भाग वेगळा आहे, ती काच गळ्यात मारून घेऊ नका. कॅमेरा कॅलिब्रेशन म्हणून कोणी पैसे मागितले तर ते पुढच्या काचेला, तेही ज्या गाड्यांत आरशामागे एडासचा, म्हणजे ड्रायव्हरला आपोआप मदत करणाऱ्या यंत्रणेचा कॅमेरा असतो त्यांना. तुमचा रिव्हर्स कॅमेरा काचेला चिकटलेला नाहीये.

खरी गंमत आहे ती चिकटवण्यात. काच पीयू म्हणजे पॉलियुरेथेनच्या सीलंटने बसते, सिलिकॉनने नाही. ट्यूबवर काय लिहिलंय ते स्वतः वाचा, लाजू नका. ट्यूब उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला की समजा सिलिकॉन आहे, त्यातून जे ॲसिड सुटतं ते पत्रा खातं, वर्षभरात काचेच्या कडेने गंज फुगून येतो. जुनं सीलंट पत्र्यापर्यंत खरवडायचं नसतं, एक दोन मिलिमीटरचा थर ठेवून वरचं कापायचं, नवीन पीयू त्या जुन्यावर सगळ्यात छान पकडतं. कापताना ब्लेड पत्र्याला लागलंच तर तिथे प्रायमर लावलाच पाहिजे. इथेच सगळे घाई करतात कारण प्रायमर वाळायला थांबावं लागतं आणि दुकानात पुढची गाडी उभी असते.

पावसाचं म्हणाल तर पीयू हवेतल्या ओलाव्यानेच पिकतं त्यामुळे दमट हवा त्याला चालते, पण लावताना काच आणि पत्रा दोन्ही कोरडे ठणठणीत हवेत. म्हणजे छपराखाली काम, रस्त्यावर छत्री धरून नाही. गाडी किती वेळाने हलवायची तेही ट्यूबवर असतं, कुठलं तासाभरात होतं, कुठल्याला पाच सहा तास. नवीन काच धरून ठेवायला लावलेली टेप चोवीस तास काढायची नाही, दोन तीन दिवस प्रेशर वॉशिंग नाही. आणि हे कोणी सांगत नाही, पहिला दिवसभर पुढची एक खिडकी दोन बोटं उघडी ठेवा. सगळ्या काचा बंद असताना दार धाडकन लावलं की आतली हवा मागच्या काचेला बाहेर ढकलते आणि ओल्या सीलंटला बारीक भोक पडतं. नंतर तुम्ही गळती शोधत बसता.

विमावाली_ताई
क्लेमचं मी सांगते, रोजचं कामच आहे. काचेवर डेप्रिसिएशन (जुनेपणाची कपात) लागत नाही त्यामुळे झिरो डेप, म्हणजे ती कपात माफ करणारं कव्हर, घेतलंय का नाही याने इथे फरक पडत नाही. लागतं ते कंपल्सरी डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेमला आपल्या खिशातून जाणारी ठरलेली रक्कम, तुमच्या पॉलिसीवर हजार का दोन हजार ते बघा. सीलंट वगैरेसाठी कन्झ्युमेबल कव्हर असेल तर उत्तम.

पण खरा खर्च एनसीबीचा. आत्ता ३५ आहे म्हणजे पुढच्या वर्षी ४५ मिळणार होते, क्लेम टाकला की शून्य. त्याच्या पुढच्या वर्षी ५० च्या जागी २०, मग २५, मग ३५, मग ४५. फरक काढा, ४५ अधिक ३० अधिक २५ अधिक १५ अधिक ५, झाले १२० टक्के. म्हणजे पाच वर्षांत मिळून तुमच्या एका वर्षाच्या ओन डॅमेज (ओडी, आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमपेक्षा जास्त. हे फक्त ओडीच्या भागावर हं, थर्ड पार्टीवर एनसीबी नसतो. तुमचा ओडी किती आहे?

सिंहगडरोडवाला
ताई, एनसीबी वजा करायच्या आधी १३ हजार.

विमावाली_ताई
मग १५,६०० झाले, आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) दरवर्षी उतरते म्हणून तेरा हजार धरा. क्लेममधून हातात येणार दहा हजार. खिशातून भरा. फक्त एकदा बघा, पॉलिसीत एनसीबी प्रोटेक्ट ॲड ऑन असेल तर मग बिनधास्त क्लेम टाका. आणि टाकायचा असेल तर काच बदलायच्या आधी कळवायचं, सर्व्हे व्हायच्या आत दुरुस्ती करून बसलात तर नंतर भांडून उपयोग नाही.

गुलछबू_एमएच१२
नवीन काच बसतेच आहे तर लगेच काळी फिल्म मारून घ्या की, उन्हाळ्यात एसी कमी खातो, रेंज वाढते 😎

स्पॅनरमामा
@गुलछबू काळी नाही. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने काळ्या फिल्मवर बंदी आणली ती सगळ्यांना आठवते. २०२१ पासून नियमात फिल्म लावलेल्या काचेला जागा आहे, पण पुढच्या आणि मागच्या काचेतून ७० टक्के उजेड आरपार गेलाच पाहिजे, बाजूच्यांतून ५०. म्हणजे जवळजवळ पारदर्शकच. आणि मागच्या काचेवर फिल्म म्हणजे डिफॉगरच्या रेषांवर फिल्म, उद्या ती काढायला गेलात की रेषा तिच्यासोबत सोलून येऊ शकतात. रेंजचं टेन्शन असेल तर डिफॉगर दीडशे दोनशे वॅटच्या आसपास खातो, दहा मिनिटं लावलात तर बॅटरीला कळणारही नाही.

कोल्हापुरी_चार्ज
मी ते घाईघाईचं काम भोगलंय म्हणून लिहितो. माझी वेगळी गाडी, पण मागची काच अशीच गेली, रस्त्यावरच्या एका दुकानात चाळीस मिनिटांत बसवून दिली, मी खूष, गडी लई झटपट म्हटलं. पंधरा दिवसांनी गाडीत कुबट वास. मॅट उचलली तर खालचा फोम पिळून पाणी निघालं. दुकानात गेलो तर म्हणे पावसाचं आहे, एसीचं आहे, तुम्हीच दार उघडं ठेवलं असेल. तीनदा वरून सीलंट फासून दिलं, चौथ्यांदा दुसरीकडे काच काढून परत बसवली तेव्हा कळलं की खालच्या कोपऱ्यात सीलंटची लाइन जोडलीच नव्हती, बोटभर फट. बॅटरीला काय होत नाही, ती आयपी ६७, म्हणजे धूळपाणी आत न जाणारी, सीलबंद असते, पण कार्पेटखाली बाकीची वायरिंग असते की. काच स्वस्तातली घ्या एकवेळ पण माणूस बघून घ्या. पुण्यात नाना पेठेत काच मिळेल, बसवायला मात्र छप्पर असलेलं दुकान शोधा.

मुक्ता_ईव्ही
काचेचे दाणे काढणं हे वेगळंच प्रकरण आहे, कोणी लिहिलं नाही म्हणून. डिकीत चार्जिंगची केबल होती का तुमच्या? असेल तर गाडीला लावायच्या आधी गनच्या (केबलचं गाडीला लागतं ते टोक) भोकांत टॉर्च मारून बघा. माझ्या मैत्रिणीच्या गनमध्ये ज्वारीएवढा तुकडा अडकलेला होता, जोरात ढकलली असती तर गाडीकडची पिन गेली असती. काढताना केबल भिंतीच्या सॉकेटमधून बाहेर हवी, गन उलटी धरून हाताने थोपटा, व्हॅक्यूम लावा, फार तर प्लास्टिकची टूथपिक. टाचणी, स्क्रू ड्रायव्हर काही घालू नका.

डिकीच्या लॉकमध्ये पण बघा, आणि डिकीच्या झाकणाच्या आतल्या पॅनलमध्ये तर किलोभर साठलेली असते. काच बसवणाऱ्याला ते पॅनल उघडून साफ करायला लावा, नाहीतर प्रत्येक स्पीडब्रेकरला खुळखुळा.

ढकलस्टार्ट
बाकी सोसायटी काही देणार आहे का? आमच्याकडे अध्यक्ष म्हणाले असते गाडी तिथे लावायला कुणी सांगितलेली.

सिंहगडरोडवाला
अगदी हेच म्हणाले 😄 वर चार्जिंग पॉइंटचा विषय काढला, तो वेगळा धागा होईल. माळीकाका तर दोन दिवस माझ्यासमोर येतच नव्हते. मी मीटिंगमध्ये स्पष्ट सांगितलं की त्यांच्या पगारातून एक रुपया कापायचा नाही, मशीनला गार्ड नव्हता ही सोसायटीची चूक आहे. बघू.

सिंहगडरोडवाला
अपडेट, उशिरा देतोय. एनसीबी प्रोटेक्ट नव्हतं त्यामुळे क्लेम नाही टाकला. पार्ट नंबर काढून तीन ठिकाणी फोन केला, ईव्ही हा शब्द उच्चारला नाही, काच आणि फिटिंग मिळून ९,२०० ला ठरलं, काचेवर आयएसआय मार्क बघून घेतला. दुकान बंदिस्त होतं. ट्यूब वाचायला मागितली तर पोरगा हसला पण दिली, पीयूच होतं. प्रायमर लावल्यावर तो दहा मिनिटं मोबाइल बघत बसला, मी मनात म्हटलं स्पॅनरमामा, हेच पाहिजे होतं. डिकीच्या पॅनलमधून निघालेली काच बिस्किटाच्या पुड्याच्या खोक्यात भरली तर खोकं अर्धं झालं.

दोन दिवसांनी बायकोला डिकीत टॉर्च घेऊन बसवलं आणि मी बाहेरून पाइपने हळूहळू पाणी सोडलं, खालून सुरुवात करून वर. आत कडेकडेने वर्तमानपत्र पसरलं होतं, ओला डाग पडला की लगेच कळतो. एकही नाही पडला. डिफॉगर तिसऱ्या दिवशी लावून बघितला, काच धुरकटलेली होती आणि वाघाच्या अंगावरच्या पट्ट्यांसारखी एकेक रेष साफ होत गेली, वरून चौथी सोडून. ती मधेच तुटलेली निघाली. दुकानदाराने कुरकुर न करता चांदीच्या पेंटचा ठिपका देऊन जोडून दिली, आता चालते.

गुहागरला जाऊन आलो, कुंभार्लीत पाऊस असा होता की मागे फक्त वायपरपुरतं दिसत होतं, पण आत कोरडं. मुक्ताताई, गनमध्ये सापडला हं दाणा, घरीच, पहिल्याच दिवशी. सोसायटीने अर्धे पैसे दिले आणि मशीनला गार्ड आला. मागच्या सीटच्या फटीतून मात्र काच अजून निघतेच आहे, काल मोदकांचा डबा उचलला तर त्याच्याखाली दोन दाणे.