अनुभव धागा: कॉलेज, दारू आणि आपले आईबाबा

लेक इंजिनिअरिंगला पुण्यात हॉस्टेलवर चाललाय. महाराष्ट्रात बीअरला २१ आणि हार्डला २५ वय लागतं हे मी सांगेन त्याला, पण फ्रेशर्स पार्टीत आधार कार्ड कोण बघतंय! तुमच्या घरी काय बोलले होते, लागू पडलं का, लिहा. उपदेश नको.

वऱ्हाडी ठेचा:
आमचं वर्धा, दारूबंदी जिल्हा. मिळतं सगळं, फक्त महाग. घरात विषयच निषिद्ध, आई "तसलं" म्हणायची. नागपूरला हॉस्टेलवर सगळ्यात आधी आउट व्हायची ती आमच्यासारख्याच घरातली पोरं, किती म्हणजे बास हे कोणी सांगितलेलंच नसायचं ना.

काजूबोंड:
मी गोव्याची. एप्रिलात हुर्राक (काजूची हलकी दारू) आला की पप्पा लिंबू, मीठ, चिरलेली मिरची घालून एक ग्लास घ्यायचे आणि बाटली परत कपाटात. अठरा झाल्यावर मला घोटभर दिला, वास आवडला नाही, विषय संपला. भाऊ त्याच घरातला, तो मात्र ढोसतो. त्यामुळे फॉर्म्युला विचारू नका.

बिनपाण्याचा:
बाबांनी गटारीला स्वतः ग्लास भरला, बाहेर चोरून पिण्यापेक्षा माझ्यासमोर घे म्हणाले. मग काय, समोर पण आणि बाहेर पण 😄

रात्रपाळी:
आमचे बाबा रोज प्यायचे. गेटची कडी कशी वाजते त्यावरून कळायचं आज किती झालीये. मी अजून शिवलेली नाही, लोक संस्कार म्हणतात, कसले संस्कार, भीती आहे नुसती.

परदेशी पाहुणा:
इकडे अमेरिकेत वय २१, तरी पितातच. पण कॉलेज सुरू व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात पालकांनी बोलून घ्या असं सांगतात, पहिले सहा आठवडे सगळ्यात धोक्याचे म्हणे. आम्ही बोललो, लेकीने हेडफोन काढले नाहीत.

कोथिंबीरवडी:
आईची अट एकच, घेतली असलीस तर गाडीला किक मारायची नाही, कितीही वाजू देत फोन कर. एकदा केला, सिंहगड रोडवरून. गाऊनवर बाबांचं जॅकेट चढवून स्कूटरवर आली, सगळ्या मित्रांसमोर, एक अक्षर बोलली नाही. सकाळी पोह्यांबरोबर दीड तास बोलली.

धागाकर्ती:
@कोथिंबीरवडी हे जमेल मला, पण नाशिकहून पोचायला पाच तास लागतात हो. कोथरूडला कोणी राहतं का इथलं?