हीटर नसलेल्या गॅरेजमध्ये लेथचे कूलंट गोठू नये म्हणून काय करावे?

प्रश्न (सेंट पॉल, मिनेसोटा)

नमस्कार. घरापासून सुट्या असलेल्या गॅरेजमध्ये मी गेल्या उन्हाळ्यात एक जुना लेथ (धातूचा तुकडा फिरवत कापून आकार देणारे यंत्र) बसवला. गॅरेजला हीटर नाही आणि जानेवारीत येथे काही रात्री पारा उणे २० अंश सेल्सिअसच्याही खाली उतरतो. त्याच्या टाकीत सुमारे ३५ लिटर कूलंट (कापताना धातू आणि हत्यार थंड ठेवणारा द्रव) आहे. पाण्यात ५ टक्के सोल्युबल ऑइल (पाण्यात मिसळणारे तेल) मिसळून केलेले नेहमीचे दुधट मिश्रण. परवा सकाळी झाकण उघडले तेव्हा वर बर्फाचा जाड थर आणि त्याच्या कडेने वेगळे झालेले पिवळसर तेल दिसले. पंप चालू करण्याचे धाडस मी केले नाही. मोटारीच्या रेडिएटरमधले अँटिफ्रीझ यात मिसळावे, की मत्स्यालयाचा हीटर टाकीत सोडावा, या विचारात आहे. काम फक्त शनिवार-रविवारी होते. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (चिंचवड)

पंप चालू केला नाहीत, हे फार योग्य झाले. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. ते पंपाच्या बिडाच्या आवरणात किंवा नळीच्या जोडात अडकलेले असेल तर तडा जातो, आणि तो तडा बर्फ वितळून गळती सुरू होईपर्यंत लक्षातही येत नाही. म्हणून आधी सर्व जोड नीट तपासावेत.

आमच्याकडे कूलंट गोठत नाही, कुजते. तरीही अँटिफ्रीझबद्दल मी ठामपणे ‘नको’ म्हणेन. आपले मिश्रण म्हणजे पाण्यात तरंगणारे तेलाचे सूक्ष्म थेंब, आणि त्यांना एकमेकांपासून दूर ठेवणारे घटक त्या तेलातच ठरावीक प्रमाणात घातलेले असतात. त्यात ग्लायकॉल, म्हणजे अँटिफ्रीझमधला मुख्य घटक, ओतले की हा तोल बिघडू शकतो. उणे २० अंशांपर्यंत टिकाव धरायचा तर प्रॉपिलीन ग्लायकॉल जवळजवळ ४० टक्के घालावे लागेल, आणि मग त्याला कूलंट म्हणण्यात अर्थ उरणार नाही: यंत्रावर चिकट थर बसेल आणि रिफ्रॅक्टोमीटरवर (मिश्रणातील प्रमाण दाखवणाऱ्या उपकरणावर) तेलाचे प्रमाण मोजणे अशक्य होईल. थोडेसेच घातले तर गोठणे फारसे लांबत नाही, उलट जिवाणूंना आयते खाद्य मिळते. रेडिएटरच्या अँटिफ्रीझमध्ये बहुधा एथिलीन ग्लायकॉल असते. ते विषारी असून चवीला गोड लागते, त्यामुळे घरात कुत्रा, मांजर किंवा लहान मूल असेल तर ते उघड्या टाकीत असणे धोक्याचे आहे.

गोठलेले मिश्रण घरात आणून सामान्य तापमानाला पूर्ण वितळू द्यावे आणि मगच चांगले ढवळावे. रात्रभर स्थिर ठेवूनही वर तेल तरंगले नाही तर ते वापरता येईल. तेल पुन्हा वेगळे झाले तर मिश्रण टाकून द्यावे, मात्र गटारात नव्हे. आपल्या भागातील घातक कचरा संकलन केंद्रात द्यावे. मूळ तेलाचा डबाही गॅरेजमध्ये ठेवू नये, कारण गोठल्यावर त्यातील घटकही वेगळे होऊ शकतात.

उत्तर २ (एडमंटन)

मी पाच हिवाळे अशाच गॅरेजमध्ये काम केले आहे. मत्स्यालयाच्या हीटरची काच धातूच्या किसाने फुटण्याची भीती असते, आणि टाकीतली पातळी खाली गेली की तो उघडा पडून तापतो. गरम करायचेच असेल तर टाकीच्या तळाला बाहेरून चिकटणारा, थर्मोस्टॅट असलेला कमी वॅटचा पॅड हीटर घ्यावा, आणि विजेची गळती होताच प्रवाह तोडणाऱ्या सॉकेटवरच तो जोडावा.

त्याआधी टाकीला इन्सुलेशन हवे. ६०×४०×२० सेंटीमीटरच्या उघड्या पत्र्याच्या टाकीतले पाणी बाहेरच्यापेक्षा २५ अंश उबदार ठेवायला माझ्या हिशेबाने सुमारे १७५ वॅट लागतात. सर्व बाजूंनी २५ मिलिमीटर जाडीचा फोम बोर्ड लावला तर हा आकडा तीसेक वॅटवर येतो. सांधे आणि झाकणातून जाणारी उष्णता धरून दुप्पट समजावा. परंतु टाकी उबदार राहिली तरी पंपापासून तोटीपर्यंतची नळी थंडच असते आणि ती गोठते, हे माझ्या पहिल्या हिवाळ्यात मला एक फुटलेली नळी बदलूनच समजले.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. शनिवारी सकाळी प्रोपेनचा उघड्या ज्योतीचा हीटर तासभर लावून खोली आणि टाकी दोन्ही उबदार केल्या, तर नाही का चालणार?

उत्तर २ (एडमंटन)

कृपया तसे करू नये. एक किलो प्रोपेन जळले की सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते, आणि धुराडे नसेल तर ती सगळी खोलीतच राहते. रात्रभर गारठलेल्या लेथच्या बेडवर (खालच्या लांब पायावर) हीच वाफ दवासारखी साचते आणि थोड्याच दिवसांत मार्गिकांवर (बेडवरील सरकत्या भागांच्या वाटांवर) गंज दिसू लागतो. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो तो वेगळाच. गार यंत्राखाली टाकीतले कूलंट सतत उबदार ठेवले तरी हीच अडचण थोड्या प्रमाणात येते, म्हणून पॅड हीटर मी रोज काम करणाऱ्यालाच सुचवेन.

आपले काम आठवड्यातून दोनच दिवस असेल, तर नोव्हेंबरमध्ये टाकी पूर्ण रिकामी करावी, पंपाचा सर्वांत खालचा जोड उघडून उरलेले पाणी काढावे, नळीतून हवा फुंकावी आणि बेडवर स्लाइडवे ऑइलचा (मार्गिकांसाठीच्या तेलाचा) पातळ हात फिरवावा. बीड आणि पितळ एरवीही कोरडेच कापले जाते. पोलादासाठी कटिंग ऑइलचा लहान डबा घरात ठेवावा आणि काम करताना ब्रशने लावावे. ते थंडीत घट्ट होते, पण त्यात पाणी नसल्याने बर्फ होऊन काही फोडत नाही. मी तीन हिवाळे असेच काम करत आहे. खोल भोक पाडण्याची आणि लांब, जड काप घेण्याची कामे तेवढी मी एप्रिलपर्यंत मागे ठेवतो.

उत्तर १ (चिंचवड)

यात एकच भर घालतो. वसंतात टाकी पुन्हा भरण्यापूर्वी तळाचा गाळ खरवडून काढावा, आणि नवे मिश्रण करताना आधी पाणी घेऊन त्यात तेल हळूहळू ओतावे, तेलात पाणी नव्हे. पाणी घरातल्या तापमानाचे असावे. बर्फासारख्या गार पाण्यात तेल नीट मिसळत नाही.