मदत हवी आहे: शॉपिंग प्लाझामधील जुन्या चित्रपटगृहाचा इतिहास कसा शोधावा?

नमस्कार. अमेरिकेतील एका लहान गावाच्या शॉपिंग प्लाझामध्ये पूर्वी असलेल्या चित्रपटगृहाचा इतिहास मी लिहीत असून, त्यासाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

सर्वसाधारण पार्श्वभूमी मी जमवली आहे. १९४८ च्या पॅरामाउंट खटल्यानंतर (चित्रपट स्टुडिओंच्या मक्तेदारीविरुद्धचा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयातील खटला) मोठ्या स्टुडिओंना आपली चित्रपटगृहे स्वतःच्या मालकीतून वेगळी करावी लागली, त्याच काळात वस्ती उपनगरांकडे सरकत गेली आणि मुबलक पार्किंग असलेल्या खरेदी संकुलांत नवी चित्रपटगृहे उभी राहू लागली. १९६३ मध्ये कॅन्सस सिटीच्या वॉर्ड पार्कवे संकुलात सुरू झालेले, दोन पडद्यांचे ‘पार्कवे ट्विन’ हे त्यातले ठळक उदाहरण. पुढे अनेक ठिकाणी एकाच मोठ्या सभागृहात मधोमध भिंत घालून दोन पडदे करण्यात आले (पलीकडच्या चित्रपटाचा आवाज अलीकडे येणे हे मग ओघानेच आले).

माझी खरी अडचण कागदपत्रांची आहे. असे चित्रपटगृह बहुधा भाडेकरू असल्यामुळे मालमत्तेच्या नोंदी प्लाझाच्या मालकाच्या नावावर असतात आणि त्यांत चित्रपटगृहाचा उल्लेखही नसतो. अशा वेळी उद्घाटनाची तारीख, सभागृह विभागल्याचे वर्ष आणि चालक कंपन्यांचा क्रम कसा निश्चित करावा? स्थानिक वृत्तपत्रांतील जाहिराती, ‘बॉक्सऑफिस’सारखी चित्रपट-व्यवसायाला वाहिलेली नियतकालिके आणि नगरपालिकेचे बांधकाम परवाने यांपैकी सुरुवात कशापासून करणे अधिक फलदायी ठरेल? अशा स्वरूपाचे काम कोणी केले असल्यास कृपया आपली पद्धत सविस्तर सांगावी.